पोरीची चप्पल कुणाकडं?

सगळं शहर मला मामू म्हणतं. माझं खरं नाव फक्त बायकोला आणि बँकेला ठाऊक आहे, आणि बायको रागावल्याशिवाय ते घेत नाही. डोक्यावर केस होते तेव्हापासून मी शूटिंगला माणसं पुरवतो. अजिंठ्याच्या डोंगरात, दौलताबादच्या पायथ्याला, पैठण रोडला, कुठंही कुणी कॅमेरा घेऊन उतरलं की पहिला फोन मला. वरात पाहिजे, मोर्चा पाहिजे, मयतावर रडणाऱ्या बायका पाहिजेत, ढेरी सुटलेला हवालदार पाहिजे, मामू देतो. एका डायरेक्टरनं सकाळच्या चहाला सांगितलं, दुपारपर्यंत फौज लागेल. मी भाजी मंडई उठवली आणि फेटे बांधून उभी केली. तलवारी कमी पडल्या तेव्हा मागच्या रांगेच्या हातात शेवग्याच्या शेंगा दिल्या. पडद्यावर कुणाच्या बापाला कळलं नाही. एक गाय मात्र शेवटपर्यंत मागच्या रांगेचा पाठलाग करत होती, आणि पेपरात लिहून आलं की त्या काळातलं युद्धाचं वातावरण हुबेहूब उभं केलंय.

तर अशा माझ्यासारख्या माणसाची झोप उडवणारी एकच गोष्ट आहे. लहान मूल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सेटवर मूल अभिनय करतं. मूल सेटवर थांबतं. लाइट लागेपर्यंत थांबतं, ढग सरकेपर्यंत थांबतं, हिरोचा मेकअप होईपर्यंत थांबतं, आणि मग मधेच कुणीतरी ओरडतं, "बाळाला आणा." तोवर बाळ कुठं गेलंय? जमिनीवर केबल पसरलेल्या, जनरेटर गरम झालेला, क्रेन फिरतेय, आणि शंभर माणसांपैकी प्रत्येकाला वाटतंय की पोराकडं दुसरं कुणीतरी बघतंय. म्हणून मी माझा एक कायदा केला. मूल सेटवर आलं की त्याची चप्पल काढायची आणि माझ्या पिशवीत टाकायची. आपल्याकडच्या खडकावर, कुसळातून अनवाणी पोरगं फार लांब जात नाही, आणि सुट्टी झाली की चप्पल मागायला आधी माझ्याकडंच येतं. ज्याच्याकडं चप्पल, त्याच्याकडं मूल. मुंबईची मोठमोठी माणसं या कायद्याला हसली आहेत. हसू द्या. या गोष्टीपर्यंत माझ्या पिशवीतून एकही मूल हरवलं नव्हतं.

आईबापांचा मात्र मला एकच प्रश्न असतो. मामू, आमच्या लेकराला एजंट लागेल का हो?

हल्ली तर हा प्रश्न दात यायच्या आधी येतो. उस्मानपुऱ्यातल्या एका डॉक्टरांनी मुलाच्या बारशालाच त्याचा फोटोंचा अल्बम करून घेतला होता: हसताना, रडताना, विचारमग्न. पाळण्यातलं पोर विचारमग्न कसं दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, लंगोट ओला होता. त्यांना मुंबईचा एजंट हवाच होता. एजंट म्हणजे काय, तर काम शोधणारा, मोबदल्याची घासाघीस करणारा आणि त्यातून आपला वाटा कापून घेणारा माणूस. मोठी एजन्सी असली तर सही घेते, की काही वर्षं हे मूल आमच्याशिवाय कुणाकडून काम करणार नाही. डॉक्टरांना मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. म्हटलं, साहेब, एजंट लागतोच, पण मुंबईचा कशाला? मी काय मेलोय का?

हे उत्तर मी सगळ्यांना देत आलो. धंदा आहे. करमाडच्या मिलिंदलाही तेच दिलं.

मिलिंद शेंद्र्याच्या एका कंपनीत मशिनवर. राहायला करमाडला. शांत म्हणजे इतका शांत की घरात आहे की नाही ते पंख्याचं बटन बघून ओळखायचं. या माणसाला जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नव्हतं. त्याच्या स्वयंपाकघरात पाणी गाळायची तीन यंत्रं होती, कारण दारावर तीन सेल्समन आले होते. शेजारच्या पाच घरांनी चहाला बोलावलं तर हा पाची घरी पिऊन यायचा आणि रात्रभर छाती चोळत बसायचा. त्याची बहीण रमा एसटीत कंडक्टर. ती मात्र नाही म्हणायचाच पगार घ्यायची. भरलेल्या गाडीच्या दारात उभी राहून आमदाराच्या माणसालाही म्हणायची, जागा नाय, खाली उतर. मला वाटतं त्या घरात नकार देवानं दोघांत वाटायला दिला होता आणि रमाताईनं आधी हात मारून सगळा उचलला.

आणि मिलिंदची पोरगी प्रज्ञा, वय आठ. जयंतीच्या कार्यक्रमात विहारासमोर ती भाषण करत होती आणि मी पाणीपुरी खात होतो. मधेच लाईट गेली, माईक बंद पडला. मोठे वक्ते अशा वेळी हॅलो हॅलो करत बसतात. ही पोरगी स्टेजच्या कडेला आली, आवाज वर चढवला आणि पुढचं वाक्य असं बोलली की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी ऐकू यावं म्हणून कानामागं धरलेले हात खाली घेतले. माझ्या हातातली पुरी तिथंच फुटली. त्याच आठवड्यात मुंबईच्या एका पिक्चरसाठी मी तिचा व्हिडिओ पाठवला, आणि ती निवडली गेली. शूटिंग फर्दापूरला. गोष्ट साधी होती. बाप गाव सोडून कामाला जातो आणि पोरगी फाट्यावर उभी राहून बघत राहते.

शूटिंग सुरू व्हायच्या आधीच मुंबईच्या एका एजन्सीच्या मॅडमचा मिलिंदला फोन आला. पोरीत चमक आहे, आम्ही तिला घेतो, सही करा. मिलिंदनं माझ्यासमोरच फोन घेतला आणि तीन वेळा "व्हय मॅडम" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या कपाळावर घाम.

"मामू, खरं सांगा. पोरीला एजंट लागतो का?"

"लागतो ना," मी म्हटलं. "समोर बसलाय."

तो हसला नाही. म्हणाला, "मला यातलं काय बी कळत नाय. चुकीचं केलं तर तिचं नुकसान, नाय केलं तरी तिचंच नुकसान. मशिनला निदान थांबवायला लाल बटन असतंय."

ते लाल बटन माझ्या डोक्यात राहिलं. त्याला सांगितलं, पिक्चर होऊ दे, मग ठरवू. मनात म्हटलं, तोवर पोरगी माझ्या पिशवीत आहे.

फर्दापूरला पहिले काही दिवस झकास गेले. प्रज्ञाला फाटका फ्रॉक घातला, केसांत माती, गालाला काजळीचे पट्टे. मेकअपवाल्या बाईनं असं काम केलं की खुद्द मिलिंदनं एकदा तिला ओलांडून जाऊन विचारलं, प्रज्ञा कुठंय? मिलिंदला युनिटनं खुर्ची दिली होती. तो खुर्चीच्या पुढच्या कडेवर, कुणी उठ म्हणेल तर लगेच उठता यावं असा बसायचा. असिस्टंट डायरेक्टर त्याला "सर" म्हणायचा. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याला सर म्हटलं त्याला कुणी सर म्हटलं की माणूस आतून विरघळतो. मी ते बघत होतो आणि मला ते आवडत नव्हतं.

मग फाट्यावरचा सीन आला. बाप टेम्पोत बसून जातो, पोरगी रडते. प्रज्ञाला रडू येईना. तोंड वाकडं करून बघितलं, डोळे चोळून बघितलं, आणि शेवटी तिला हसूच फुटलं, कारण पिक्चरमधल्या बापाची मिशी एका बाजूनं सुटली होती. ऊन डोंगराकडं उतरायला लागलं. डायरेक्टर घड्याळाकडं बघेना, आभाळाकडं बघायला लागला. हे लक्षण वाईट. घड्याळाशी भांडता येतं, सूर्याशी येत नाही.

त्याच वेळी मला गावात जावं लागलं. पुढच्या सीनला डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका पाहिजे होत्या, आणि त्यांची पुढारीण अडून बसली होती. तिचं म्हणणं, हंडा तुमचा असेल तर रिकामा घेईन, माझा असेल तर भरलेलाच घेईन, माझा रिकामा हंडा घेऊन मी गावच्या शिवेवरून चालत नाही. तिची समजूत घालून, सगळे हंडे भरून, अर्धे माझ्याच अंगावर सांडून मी परत आलो तेव्हा युनिटमध्ये टाळ्या चालल्या होत्या. सीन झाला होता. म्हणे असा झाला की कॅमेरामननं डोळे पुसले. लोक कॅमेरा उचलून पुढच्या जागेकडं पळत होते, कारण अजून थोडं ऊन शिल्लक होतं.

"पोरगी कुठंय?" मी विचारलं.

"सरांकडे," असिस्टंट म्हणाला आणि पळाला.

खुर्ची रिकामी. युनिट उतरलं होतं त्या हॉटेलच्या मागं गेलो. तिथं युनिटच्या एका गाडीत, काचा वर करून, मिलिंद बसला होता. हात मांडीवर, नजर समोर.

"पोरगी कुठंय?"

"सेटवर ना?" तो म्हणाला.

पोरगी त्याच्याकडं आहे असं शंभर माणसांना वाटत होतं, आणि त्याला वाटत होतं की ती शंभर माणसांकडं आहे.

झालं ते असं. असिस्टंटनं मिलिंदला बाजूला घेतलं होतं. सर, दहा मिनिटं गाडीत जाऊन बसता का, तिला दिसू नका, आम्ही बोलावू. मिलिंद व्हय म्हणाला. मग प्रज्ञाला सांगितलं, तू नीट करत नाहीस म्हणून पप्पा चिडून घरी निघून गेले. पोरगी रडली. कॅमेऱ्यानं घेतलं. टाळ्या झाल्या. आणि उन्हामागं धावताना मिलिंदला बोलवायचं राहून गेलं. तो आपणहून का आला नाही? कंपनीचा माणूस. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय मशिन सोडायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. बोलावू म्हणाले होते, कुणी बोलावलं नाही, म्हणून बसून राहिला.

तिची चप्पल माझ्या पिशवीत होती. पोरगी अनवाणी कुठं जाणार, असं मी स्वतःला सांगत फाट्याकडं पळालो, आणि पळता पळता मला कळलं की माझा कायदा खेळायला जाणाऱ्या पोरासाठी होता. बापाला शोधायला निघालेल्या पोरीला खडे टोचत नाहीत.

फाट्यावर ट्रकांची रांग धूळ उडवत चाललेली. पंक्चरवाल्याला विचारलं, एक आठ वर्षांची पोरगी बघितली का, फाटका फ्रॉक, तोंड काळं झालेलं, रडत असेल. तो टायर फिरवत म्हणाला, "मामू, अशा लई पोरी फिरत्यात इथं. कोणती कोणाची, कसं सांगू?" पानवाला तेच म्हणाला. मण्यांच्या माळा विकणारी बाई तेच म्हणाली. करमाडच्या घरातून ही पोरगी धुतलेल्या युनिफॉर्ममध्ये, दोन वेण्या घालून निघाली असती तर सगळ्या फाट्यानं तिला अडवलं असतं, बाळ, कुणाची तू? आम्ही तिला मेकअप करून अशी केली होती की हमरस्त्यावर रडत चाललेली ती कुणाला दिसलीच नाही. मी खोटी फौज उभी करणारा माणूस. खरं पोरगं असं गायब करता येतं हे मला माहीत नव्हतं.

मिलिंद माझ्या पुढं पळत होता. प्रत्येक ट्रकच्या चाकाखाली बघत होता. मी हाका मारत होतो, आणि माझा आवाज, जो मैदानाच्या दुसऱ्या टोकाची वरात वळवतो, तो मांजरासारखा निघत होता. ऊन डोंगराआड गेलं. डायरेक्टरला हंड्यांचा सीन मिळाला की नाही ते मला आजही माहीत नाही.

मग मिलिंदचा फोन वाजला. रमाताई. तिचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला, त्याला फोनची गरज नव्हती.

"मिल्या, कुठं तोंड घेऊन बसलायस? पोरगी अजिंठ्याच्या स्टँडवर हाय."

रमाताईनं भाचीला चालायला लागल्यापासून एक गोष्ट शिकवून ठेवली होती. कधी चुकलीस तर कुणाशी बोलायचं नाही, लाल गाडी बघायची, तिच्या कंडक्टरला सांगायचं माझी आत्या कंडक्टर आहे. प्रज्ञा थांबलेल्या गाडीत चढली आणि तेच बोलली. वर म्हणाली, मला करमाडला सोडा, पप्पा पुढं गेलेत. कंडक्टरनं तोंडाकडं बघितलं, फ्रॉककडं बघितलं आणि आत्याचं नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, डेपो सांगितला, आत्याचा बिल्ला कुठल्या खिशाला असतो तेही सांगितलं. पुढच्याच स्टँडवर त्यानं तिला उतरवून कंट्रोलरच्या ताब्यात दिलं आणि फोन फिरवले.

आम्ही पोचलो तेव्हा ती कंट्रोलरच्या टेबलावर बसून बिस्कीट खात होती. तळपाय रक्ताळलेले. गालावरच्या काजळीतून पाण्याच्या दोन रेघा उतरलेल्या. मिलिंद दारातच थांबला. आत जायची परवानगी मागतोय असा.

तिनं त्याच्याकडं बघितलं. रडली नाही, धावली नाही. विचारलं, "पप्पा, मी नीट केलं ना? म्हणून आलात ना परत?"

मी बोलबच्चन माणूस. त्या वेळी मी भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचत राहिलो. अजून पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमाताई रजा टाकून, पण खाकीतच सेटवर आली आणि मिलिंदच्या खुर्चीत मागं टेकून बसली. असिस्टंट माफी मागायला आला, ती तिनं ऐकून घेतली. दुपारी तोच पुन्हा आला, अजून एक रडण्याचा सीन आहे, ताई जरा पलीकडं गेल्या तर. रमाताई म्हणाली, "गाडी फुल हाय. मागच्या गाडीनं या." मग तिनंच प्रज्ञाला सांगितलं, हे खोटं आहे, टेम्पो त्या वळणावर थांबतो, बघून ये. पोरगी वळणापर्यंत जाऊन टेम्पो बघून आली आणि मग रडली. छान रडली. डायरेक्टर म्हणाला, बरं आहे, पण कालच्यासारखं नाही. आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. म्हणूनच भीती वाटली.

शूटिंग संपलं आणि मुंबईच्या मॅडम करमाडला आल्या. बाई सभ्य होत्या, चहा घेतला, पोरीचं कौतुक केलं, कुठली कामं मिळतील ते नीट सांगितलं. मी कोपऱ्यात बसलो होतो, आमंत्रण नसताना. मिलिंद व्हय मॅडम, व्हय मॅडम करत होता. रमाताई ड्यूटीवर जायच्या घाईत होती, तिनं दारातूनच एक विचारलं.

"मॅडम, सेटवर कुणी म्हणलं बापाला लपवा, तर तुमचा माणूस काय म्हणंल?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "आमचा माणूस सेटवर नसतो. तिथं पालकच असतात."

"बरं," म्हणून रमाताई गेली. मॅडमही कागद टेबलावर ठेवून गेल्या. जाताना मिलिंद त्यांना म्हणाला, विचार करतो. त्याचं विचार करतो म्हणजे होच, हे पाण्याची तीन यंत्रं बघितलेला कुणीही सांगेल.

मला संधी दिसली. मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, मिलिंदा, बाईच बोलल्या बघ. त्यांचा माणूस तिथं नसतो. मी तिथं असतो. मुंबईला असो, फर्दापूरला असो, पोरगी माझी जबाबदारी. कुणी तिला खोटं सांगायला आलं तर त्याला फौजेत घालून शेवग्याच्या शेंगेनं झोडपीन. माझ्याकडं राहू दे तिला. मी इतकं चांगलं बोललो की माझंच मन भरून आलं.

मिलिंदनं टेबलावरचा कागद घडी करून बाजूला सारला. मग म्हणाला, "नाय, मामू."

मला वाटलं, खोकला आला असेल. म्हटलं, काय?

"नाय. तुम्ही हंड्याला गेला होता. तुमचं काम हाय ते, तुमचं चुकलं नाय. पण मी तिथंच होतो. तिथं मीच पाहिजे, आणि मला हे नाय म्हणता आलं पाहिजे."

आणि माझ्यासमोरच त्यानं मॅडमना फोन लावला. मग म्हणाला, मॅडम, सध्या नाय, काम आलं तर जरूर सांगा, पण सही नाय. पलीकडं त्या काही बोलल्या असतील. याचे ओठ "व्हय" करायला उघडले, मी डोळ्यांनी बघितलं, आणि त्यानं ते परत मिटले.

माझा आयुष्यभराचा धंदा एका शब्दानं उलथवला, आणि त्या शब्दाची तालीम माझ्यावरच झाली. वाईट वाटलं. अभिमानही वाटला, कारण डायरेक्टरला आभाळ बदलून देता आलं नाही, पण मी एक माणूस बदलताना बघितला. यात माझा वाटा किती ते विचारू नका, मी जास्तच सांगेन.

निघताना पिशवी उचलली तर तळाशी काहीतरी हाताला लागलं. प्रज्ञाची चप्पल. फर्दापूरपासून तिथंच होती. शूटिंग संपलं त्या दिवशी मिलिंदनं तिला उचलूनच घरी नेली होती, कुणाला आठवणच झाली नाही. मी ती काढून दारात पोरीसमोर ठेवायला वाकलो.

मिलिंदनं मधेच हात केला. चप्पल घेतली, धूळ झटकली, आणि स्वतःच्या काखेत धरली, जशी मी सेटवर पिशवी धरतो तशी.

"हिथून पुढं आमच्याकडंच राहू द्या," तो म्हणाला.